रियालचा भाव आणि रुपयाची किंमत

पगार झाला की आपल्यापैकी बहुतेकांचे एक काम ठरलेले असते. आज रियालला किती रुपये मिळतात ते पाहायचे. पूर्वी त्यासाठी एक्स्चेंजच्या खिडकीपुढे रांग लावावी लागे, आता मोबाइलवर बोट फिरवले की झाले. भाव दहा पैशांनी जरी वाढला तरी चेहरा खुलतो!

गेल्या सुट्टीत लेक पुण्याहून आली होती. बारावी इथे करून ती आर्थिक नियोजनाच्या पदवीसाठी तिकडे गेली, तेव्हा मी थोडा नाराजच होतो. पैसे सांभाळायला पदवी कशाला हवी? माझ्या आजीने पिठाच्या डब्यात नाणी ठेवून तीन मुलांची लग्ने केली होती. लेकीने मला एकच प्रश्न विचारला, "बाबा, नोकरी संपेल त्या दिवशी तुमच्या हातात किती असतील, आणि ते किती वर्षे पुरतील?" अठरा वर्षे इथे काढलेला मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यातून हा लेख निघाला.

पैशाचे शास्त्र शिकण्याची आपल्याकडची परंपरा फार जुनी नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेज 1913 साली सुरू झाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. योगायोग असा, की त्याच वर्षी साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाईफ इन्शुरन्स कंपनी स्थापन केली. पुढे 1936 साली युनायटेड वेस्टर्न बँकही त्यांनीच उभी केली. मुंबईत हिशेबाचे पुस्तकी शिक्षण सुरू होत होते, तर साताऱ्यात विम्याचा हप्ता म्हणजे काय हे साध्या पगारदाराला समजावले जात होते. घरातला कर्ता गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न उघडपणे बोलणेही अशुभ मानले जाण्याचा तो काळ होता.

याच सिडनहॅममध्ये नोव्हेंबर 1918 ते मार्च 1920 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडनचा अभ्यास बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली अर्धाच सोडून त्यांना परतावे लागले होते. पगार महिना 450 रुपये, राहणे परळच्या चाळीत. घरखर्च काटकसरीने भागवून त्यांनी शिल्लक टाकली. तिला कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज जोडले, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. बचत, मदत आणि कर्ज यांची अशी सांगड एका निश्चित उद्दिष्टासाठी आणि ठराविक मुदतीत घालणे, यालाच आज आर्थिक नियोजन म्हणतात.

त्यांनी तिथे काय लिहिले? 'रुपयाचा प्रश्न'! 1923 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रबंधात त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की रुपयाचा परदेशी चलनातला भाव स्थिर ठेवण्याच्या नादात त्याची देशातली क्रयशक्ती विसरू नका. रुपयात वस्तू किती मिळतात, ही खरी कसोटी. शंभर वर्षांपूर्वीचा हा मुद्दा आपल्याला अगदी नेमका लागू पडतो. आपण भाव पाहतो, किंमत पाहत नाही.

आता आपल्या कर्मभूमीकडे येऊ. सौदी अरेबियातही नोटांचा इतिहास लहानच आहे. चांदीचे रियाल आणि सोन्याच्या गिन्न्या यांवर इथला व्यवहार चाले. 1952 साली 'सामा' ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, आणि 1953 साली तिने हज यात्रेकरूंसाठी कागदी पावत्या काढल्या. जड नाणी वागवण्यापेक्षा लोकांना त्या इतक्या सोयीच्या वाटल्या, की इतर व्यवहारांतही त्या चालू लागल्या. अधिकृत नोटा आल्या त्या 1961 साली.

रियालचा डॉलरशी 3.75 हा दर 1986 पासून कायम आहे. त्या वर्षी एका रियालला साडेतीन रुपयांच्या आसपास मिळत. आज वीस रुपयांहून जास्त मिळतात. म्हणजे पगार एका रियालनेही न वाढता घरी जाणारे रुपये कित्येक पट झाले. केवढी ही कमाई, असे आपल्याला वाटत राहिले. पण याच काळात पुण्यातला फ्लॅट, कॉलेजची फी आणि हॉस्पिटलचे बिल कितीने वाढले, हा हिशेब किती जणांनी मांडला? मी तरी नाही.

लेकीने तो मांडला. सौदी कामगार कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांना प्रत्येकी अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एका महिन्याचा पगार, अशी नोकरीअखेरची रक्कम मिळते. वीस वर्षे पूर्ण केली तर अडीच अधिक पंधरा, म्हणजे शेवटच्या पगाराचे साडेसतरा महिने. त्यापुढे काही नाही. इथले पेन्शन सौदी नागरिकांसाठी आहे. वीस वर्षांच्या घामाची ही साडेसतरा महिन्यांची पुंजी कागदावर पाहिली तेव्हा पोटात गोळा आला.

शिवाय नियम बदलतात. जुलै 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक आश्रितामागे महिना 100 रियाल शुल्क सुरू झाले, आणि 2020 पर्यंत ते 400 वर गेले. पत्नी आणि दोन मुले असतील तर वर्षाला 14,400 रियाल. व्हॅट 2018 साली 5 टक्के आला, तो 2020 साली 15 झाला. किती घरांतल्या वहिनी आणि मुले त्या वर्षांत कायमची भारतात परतली, हे आपल्या गणेशोत्सवातल्या रिकाम्या खुर्च्यांनी आपल्याला दाखवले आहे. एका घराचे दोन संसार झाले. निर्णय घाईत घ्यावे लागले, कारण तयारी नव्हती.

स्वतंत्र व्यवसाय म्हणून आर्थिक नियोजन तसे तरुणच. 1969 साली शिकागोला तेरा जणांच्या एका बैठकीत त्याची मुहूर्तमेढ रोवली गेली, आणि प्रमाणित नियोजकांची पहिली तुकडी 1973 साली बाहेर पडली. विद्यापीठांच्या पदव्या त्यामागून आल्या. लेकीची पुस्तके मी चाळली. विमा, कर, गुंतवणूक, निवृत्ती आणि वारसा असे पाच मोठे भाग. श्रीमंत होण्याची युक्ती त्यात कुठेच नाही! उत्पन्न थांबेल त्या दिवसापासून मागे मोजत आजच्या दिवसापर्यंत कसे यायचे, हे मात्र त्यात पानोपानी आहे.

आजीच्या डब्याचाही आता नव्याने विचार केला. तिला नाणी किती साठली हे माहीत होतेच, पण ती कशासाठी आणि कधी लागणार हेही माहीत होते. आमच्या पिढीने कमाई तिच्यापेक्षा कितीतरी जास्त केली, आणि हा दुसरा भाग मात्र सोडून दिला.

आपल्या मुलांनी डॉक्टर, इंजिनियर व्हावे ही आपली जुनी हौस आहे, आणि ती असू द्यावी. पण एखाद्या मुलाने किंवा मुलीने ही वेगळी वाट धरली तर माझ्यासारखे तोंड वाकडे करू नका. आणि या महिन्यात भाव पाहून झाला की वहीचे एक पान उघडून नोकरीची झालेली वर्षे, मिळणारी रक्कम आणि परतल्यावरचा महिन्याचा खर्च, हे तीन आकडे घरात सर्वांना दिसतील असे लिहून ठेवा. आमच्या फ्रिजवर तो कागद लावला आहे. तिसरा आकडा सौभाग्यवतींनी खोडून वाढवला आहे, आणि बरोबरच वाढवला आहे.