बेचिराग

आपल्या महसुली दप्तरात एक शब्द आहे, 'बेचिराग'. दिवा लावायलाही कोणी उरलं नाही असं गाव. इंग्लंडमध्ये मध्ययुगात ओस पडलेली अशी जवळपास ३,००० गावं आहेत. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी.

प्रसिद्ध का, तर १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात तिथे खोदकाम चाललं. मॉरिस बेरेस्फर्ड हा आर्थिक इतिहासाचा माणूस, जॉन हर्स्ट पुरातत्त्वाचा. चाळीस वर्षं एकच प्रोजेक्ट! (आमच्याकडे दोन वर्षांत माणसं कंटाळतात.)

गाव कशानं मेलं? सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर म्हणजे १३४८-४९ चा प्लेग. पण गंमत अशी की प्लेगनंतरही गाव दीडशे वर्षं तग धरून होतं. माणसं कमी झाली, मजुरी वाढली, धान्यापेक्षा लोकर परवडू लागली. शेतीला अख्खं गाव लागतं, मेंढ्यांना एक धनगर पुरतो. मग जमीनदारानं उरलेल्यांनाही बाहेर काढलं. १५१७ च्या सरकारी चौकशीत चार नांगर थांबल्याची आणि चार घरं पडल्याची नोंद आहे. म्हणजे शेवटचा घाव रोगाचा नाही, हिशोबाचा होता.

ही सगळी घट तिथल्या सेंट मार्टिन चर्चच्या भिंतींत दिसते. भरभराटीत दोन्ही बाजूंनी वाढवलेलं चर्च पुढे माणसं घटली तसं पुन्हा अरुंद केलं. मला तर ही इमारत म्हणजे गावाची खानेसुमारीच वाटते.

आणि ती माणसं? चर्चच्या आवारात जवळपास ७०० सांगाडे मिळाले. तिथली चौदा वर्षांची पोरं उंचीनं आजच्या दहा वर्षांच्या पोराएवढी होती. २०१७ मध्ये काही हाडांवर सुरीचे आणि जाळल्याचे व्रण असल्याचं प्रसिद्ध झालं. मेलेला उठून येऊ नये म्हणून हे केलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. भुताला भिणारं गाव मेंढ्यांनी खाल्लं, काय म्हणावं!

चर्च मात्र गावापेक्षा जास्त जगलं. शेजारच्या थिक्सनडेलची माणसं पुढे कित्येक पिढ्या प्रार्थनेला इथेच येत राहिली. १९५९ मध्ये मनोऱ्याचा एक भाग कोसळला. बाकीचा अजून उभा आहे, आणि भोवतीच्या कुरणात, गवताखाली, घरांचे उंचवटे स्पष्ट दिसतात.