बुर्गुल रामकृष्णराव : एका लोपलेल्या राज्याचे मुख्यमंत्री

हैदराबाद राज्याला लोकनिर्वाचित मुख्यमंत्री एकच लाभले. मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णरावांनी ते पद स्वीकारले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याबरोबरच ते पदही लोपले.

महबूबनगर जिल्ह्यातील या तेलुगू गृहस्थांचा जन्म १८९९ चा. त्यांचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेलुगू, संस्कृत, उर्दू, फारसी व मराठी या भाषांत त्यांना चांगली गती होती. तेलंगण, मराठवाडा व कन्नड जिल्हे एकत्र नांदवू पाहणाऱ्या राज्यात हा गुण केवळ भूषणाचा नव्हता. तरीही १९५२ सालच्या मुल्की आंदोलनात राजधानीत गोळीबार झालाच. त्या डागातून त्यांची कारकीर्द मुक्त नाही.

त्यांचे खरे कर्तृत्व महसूल खात्यातले. तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव चालू असतानाच, १९५० साली, ते वेलोडी मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले. त्याच वर्षीच्या कुळकायद्याने कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ म्हणून आधार दिला. मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९५४ मध्ये, दुरुस्ती होऊन अशा कुळाला मालक होण्याची वाट मोकळी झाली. कागदावरचा हक्क शेताच्या बांधापर्यंत सर्वत्र पोहोचला नाही. जमीनदारांनी अनेक कुळांना आधीच बेदखल केले होते. परंतु दाद मागण्यास कायदा उभा राहिला, हे थोडे नव्हे.

राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये तेलंगण तूर्त स्वतंत्र ठेवण्याची शिफारस केली होती. ती मान्य झाली असती, तर मुख्यमंत्रिपद रामकृष्णरावांकडेच राहण्याचा संभव होता. त्यांनी मात्र २० फेब्रुवारी १९५६ च्या करारावर सही केली आणि संयुक्त आंध्र प्रदेशाचे नेतृत्व संजीव रेड्डींकडे गेले. त्या करारातील आश्वासने पाळली गेली नाहीत, या तक्रारीतूनच १९६९ चे आंदोलन पेटले; २०१४ साली तेलंगण वेगळे झाले.

पुढे ते केरळचे राज्यपाल झाले. जुलै १९५९ मध्ये नंबुद्रीपाद मंत्रिमंडळ बरखास्त झाले, ते त्यांच्या अहवालानंतर. त्याच मंत्रिमंडळाने जूनमध्ये कुळांच्या हक्कांचे विधेयक विधानसभेत संमत करून घेतले होते! कुळकायद्याच्या कर्त्याच्या चरित्रातील ही विसंगती झाकण्याचे कारण नाही.

१९६७ साली ते निवर्तले. त्यांचे राज्य तीन राज्यांत वाटले गेले. पण मराठवाड्यातील कुळांच्या दाव्यांत १९५० च्या त्या कायद्याची कलमे अजूनही वाचली जातात.