लाकडाचें फुगणें व आकसणें

ह्या महोत्सवानिमित्त चर्चच्या सामानाची यादी करीत असतां एक जुनी चूक पुन्हां आमच्या दृष्टीस पडली, आणि ती आमचीच असल्यामुळें तिचा उल्लेख टाळणें बरें दिसणार नाहीं. सॅक्रिस्टींतील ज्या टेबलावर मिस्साचीं वस्त्रें मांडून ठेवितात, त्याची वरची सागवानी फळी लांबीभर तडकलेली आहे. टेबल होत असतां सुतार आम्हांस म्हणाला होता, “फादर, वरची फळी जरा मोकळी राहूं द्या.” परंतु मोकळें म्हणजे कच्चें अशी आमची समजूत! खालच्या आडव्या पट्ट्यांस ती सरसानें व स्क्रूंनीं पक्की जखडण्याचा आग्रह आम्हीं धरिला. पावसाळा निभावला, पुढच्या उपवासकाळांतील कोरड्या हवेंत फळी दुभंगली.

सेमिनरींत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविलें, सुतारकाम नव्हे. म्हणून हा विषय आम्ही मागाहून शिकलों. झाड तोडून कितीही वर्षें लोटलीं तरी लाकूड हवेंतील ओल घेतें व सोडतें. त्याची लांबी जवळजवळ बदलत नाहीं; बदलते ती रुंदी. तीही गाभ्याकडून सालीकडे कमी, आणि वाढीच्या वलयांना धरून सुमारें दुप्पट. साग हें ह्या बाबतींत फार सौम्य लाकूड. तरी पूर्ण ओल्याचें पूर्ण कोरडें होईपर्यंत तें एका दिशेनें शेकडा २.५ व दुसऱ्या दिशेनें ५.८ इतकें आकसतें. ऋतुमानाचा फरक ह्याहून पुष्कळ कमी. तथापि तीन फूट रुंद फळी पावसाळा व उन्हाळा ह्यांच्या दरम्यान एक-दोन सूत सहज कमीजास्त होते. आषाढांत अडकणारें दार फाल्गुनांत सैल होतें, हें आपण सर्वच पाहतों.

मध्ययुगीन युरोपांत वस्त्रें व दानाचा पैसा ठेवण्यासाठीं चर्चमध्यें मोठ्या पेट्या असत. कित्येक पेट्यांच्या पुढच्या फळीची शीर आडवी, तर बाजूच्या फळीची उभी. आणि दोन्ही खिळ्यांनीं एकत्र ठोकलेल्या. उभ्या फळीची उंची बदलत नाहीं. आडवी फळी मात्र आकसूं पाहते, व खिळे तिला आकसूं देत नाहींत. मग ती फाटते. वरून ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या चोरास थांबवीत, तड्यास नव्हे. अशा तडकलेल्या पेट्या आजही पाहावयास मिळतात.

ह्यावरील तोड पूर्वींच निघाली होती. रोम येथील सांता साबिना चर्चचें सुरूचें लांकडी दार इ. स. ४३० च्या सुमाराचें. त्याच्या चौकटींत मूळचे २८ कोरीव फलक होते, त्यांपैकीं १८ अद्याप शिल्लक आहेत. पंधराव्या शतकापर्यंत फ्लँडर्स व आसपासच्या देशांत घरगुती सामानासाठींही हीच रीत रूढ झाली: कुसू व साल ह्यांच्या सांध्यानें चौकट पक्की करावयाची, आणि पातळ फळी चौकटीच्या खाचेंत सरस न लावतां नुसती सरकवावयाची. फळी खाचेंतच फुगते व आकसते. चौकटीचें माप ढळत नाहीं. आपल्या घरांतील दिलेदार दारें ह्याच जातीचीं.

एवढें ठाऊक असूनही पुढें चूक झालीच. ती केली ती चित्रें दुरुस्त करणाऱ्यांनीं, ह्याचें आम्हांस अधिक नवल वाटतें. फळीवर रंगविलेलीं जुनीं धार्मिक चित्रें बांक घेतात म्हणून अठराव्या शतकापासून, विशेषतः पॅरिसमध्यें, त्यांची पाठ तासून पातळ करण्याची व मागें पट्ट्यांची जाळी बसविण्याची चाल पडली. उभ्या पट्ट्या सरसानें चिकटवीत. आडव्या पट्ट्या त्यांतून सरकत्या ठेवीत. हेतु चांगला होता. परंतु सरकत्या पट्ट्या कालांतरानें घट्ट बसल्या, फळ्यांस हालचालीस वाव उरला नाहीं, आणि बांक जाऊन तडे आले. आतां कित्येक ठिकाणीं जाणते लोक त्याच जाळ्या जपून सैल करितात किंवा काढून टाकितात.

सर्वांत कठीण प्रसंग फ्लॉरेन्स येथला. ज्योर्ज्यो वासारी ह्यानें १५४६ सालीं एका मठासाठीं पांच फळ्यांवर प्रभूच्या शेवटच्या भोजनाचें चित्र रंगविलें होतें. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरांत तें बारा तासांहून अधिक काळ पाण्याखालीं राहिलें. लाकूड पाण्यानें फुगलें, सुकतांना आकसलें. वरचा रंग कांहीं आकसूं शकत नव्हता, म्हणून तो सुटूं लागला. त्यावर कागद चिकटवून तो कसाबसा धरून ठेवावा लागला. चित्र पुन्हां सांता क्रोचे येथें लोकांस पाहावयास मिळालें तें २०१६ सालीं, म्हणजे पन्नास वर्षांनीं.

आमच्या टेबलाचें दुखणें त्यामानानें क्षुल्लक. गेल्या वर्षीं त्याच सुतारास आम्हीं बोलाविलें. जुना आग्रह आठवून तो कांहीं बोलला नाहीं, हा त्याचा चांगुलपणा. सरस खरवडून त्यानें फळी सोडविली, पट्ट्यांतील स्क्रूंचीं भोंकें लांबट केलीं, आणि स्क्रू फळी सरकूं शकेल इतपतच आवळले. जुना तडा आम्हीं भरूं दिला नाहीं. ह्या आषाढांत तो जवळजवळ मिटला होता.