बदललेला गुडघा आखडतो का? हस्तिदंतापासून भोसरीपर्यंत

१/ गुडघा बदलून घरी आलेल्या माणसाला भोसरीत भेटायला येणारे बहुधा एकच विचारतात, “आता वाकतो का?” सहा आठवडे उलटूनही गुडघा दोरीने आवळल्यासारखा वाटत असेल, तर शस्त्रक्रिया फसली की काय, अशी शंका घरात हळूहळू मूळ धरते. या शंकेमागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्यातला एक ठळक प्रसंग मुंबईत घडला.

२/ १८९०. बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा बिजागरीसारखा सांधा बसवला. कल्पना काळाच्या फार पुढची होती. क्षयाचा संसर्ग मात्र जुनाच होता. त्यापुढे हस्तिदंत टिकले नाही.

३/ नंतरची अनेक दशके शल्यविशारद गुडघ्याला दाराची बिजागरी समजत राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यास धातूच्या बिजागऱ्या आल्या आणि हाडातून सैल होऊ लागल्या. गुडघा केवळ उघडझाप करत नाही. वाकताना तो घरंगळतो, सरकतो आणि किंचित वळतोही. खुब्याच्या गोल सांध्याचे कोडे इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२च्या सुमारास सोडवले. त्यांच्याच रुग्णालयात काम केलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी १९६८मध्ये गुडघ्यासाठी बिजागरीविना सांधा बसवला.

४/ आजच्या सांध्याचा थेट पूर्वज १९७४चा. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि भारतात जन्मलेले चित्तरंजन राणावत यांनी ‘टोटल कॉन्डिलर’ सांधा घडवला. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूचे आवरण, नडगीच्या माथ्यावर प्लॅस्टिकची बैठक आणि वाटीच्या मागे प्लॅस्टिकचीच छोटी चकती. वेदना थांबली, सांधा वर्षानुवर्षे टिकू लागला.

५/ येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. हा सांधा सरासरी नव्वद अंशांच्या आसपासच वाकत असे, आणि त्याच्या कर्त्यांना त्यात फारसे उणे वाटले नाही. सपाट चालायला साधारण ६७ अंश पुरतात, जिना चढायला ८३, खुर्चीतून उठायला ९३. ही मोजमापे १९७०च्या सुमारास अमेरिकेत झाली. जिने आणि खुर्ची नीट जमावी म्हणून १९७८मध्ये इन्सॉल-बर्स्टीन रचना आली आणि वाकणे सुमारे ११५ अंशांपर्यंत गेले. मांडी घालणे वा उकिडवे बसणे त्या मोजणीत नव्हतेच. मोजणाऱ्यांच्या घरात पाट नव्हता, एवढेच त्याचे कारण.

६/ ऑक्टोबर २०००. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले. डावा गुडघा बदलण्यासाठी न्यूयॉर्कहून आले ते हेच डॉ. राणावत. जून २००१मध्ये त्याच रुग्णालयात उजवा गुडघा बदलला गेला. ज्याने सांधा घडवला त्याच्याच हातून तो देशाच्या पंतप्रधानाला बसवला जावा, असा योग वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच येतो. ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचण्यात त्या बातम्यांचा वाटा मोठा होता.

७/ दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, जुलै २००१च्या मध्यास, आग्र्यात परवेझ मुशर्रफ यांच्यासोबतची शिखर परिषद सुरू झाली. पाचवा आठवडा म्हणजे सूज पुरती उतरलेली नसते, रात्रीची झोप मोडत असते आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागतो. पुढे पंतप्रधानांच्या संथ चालीवर देशविदेशात टीकाटिप्पणी होत राहिली. उत्तम शल्यविशारद, उत्तम रुग्णालय आणि दिमतीला सगळी यंत्रणा असूनही चाल एका ऋतूत पूर्ववत होत नाही, हे लोकांनी पडद्यावर पाहिले. त्यातून शिकले मात्र थोडेच.

८/ याचे कारण धातूत नाही, शरीरात आहे. सांधा बदलताना भोवतालच्या मऊ ऊती कापाव्या लागतात आणि शरीर ती जखम व्रणाच्या ऊतींनी भरून काढते. गुडघा हलता राहिला तर ती ऊती त्या हालचालीला साजेशी बनते. तो वेदनेच्या भीतीने स्थिर ठेवला तर ती दाट होते, आकसते. काहींच्या शरीरात सगळा व्यायाम करूनही ती अवाजवी वाढते, म्हणून आखडलेल्या प्रत्येक गुडघ्यामागे आळस शोधणे अन्यायाचे आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते: शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता, यावर नंतर तो किती वाकेल हे बरेचसे ठरते. दहा वर्षे आखडलेला गुडघा नवा सांधा मिळताच मोकळा होत नाही.

९/ हालचाल हेच औषध, हेही वैद्यकाला उशिराच पटले. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे ह्यू ओवेन थॉमस दीर्घ, सक्तीच्या विश्रांतीचे पुरस्कर्ते होते. त्या मताला टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०च्या दशकात सशांवरील प्रयोगांनी धक्का दिला. त्यातून पाय आपोआप वाकवणारे यंत्र निघाले आणि गुडघेबदलानंतरही ते सर्रास वापरले गेले. पुढे अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा यंत्राने वाकण्यात पडणारा फरक दोनेक अंशांचाच निघाला. आज भर आहे तो लवकर चालण्यावर आणि स्वतः केलेल्या व्यायामावर.

१०/ वाकण्याच्या चिंतेत गुडघा पूर्ण सरळ होण्याकडे दुर्लक्ष होते. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवण्याची सवय येथे घात करते. दहा-पंधरा अंश सरळ व्हायचे राहिले तर माणूस लंगडतो. व्यायाम करूनही वाकणे अडूनच राहिले तर भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय असतो, पण त्याचा उत्तम काळ पहिल्या तीन महिन्यांचा. ‘होईल हळूहळू’ म्हणत तो दवडला की पुढचे उपाय अवघड होत जातात. उलट ताप, जखमेतून स्राव, पोटरीला अचानक आलेली सूज ही ताठरपणाची नव्हे, धोक्याची लक्षणे होत. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. साधी सूज आणि ऊब मात्र कित्येक महिने रेंगाळते. पुरते सावरायला वर्षही लागते.

११/ आता भोसरी. १९७०मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी यांच्यासह नगरपालिकेत आलेले हे गाव तालमींसाठी ओळखले जाते. येथे ताकद बैठकांनी मोजली गेली. एमआयडीसी आल्यावर लेथ आणि प्रेसपुढे पाळ्या उभ्याने काढणारी पिढी याच परिसरात वसली. आज ती निवृत्त आहे. जमिनीवरचे जेवण, देवळातली बैठक, भारतीय पद्धतीचे शौचालय यांतले काहीच त्या ९३ अंशांत बसत नाही. भोसरीतला माणूस गुडघा ‘वाकत नाही’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो अमेरिकेच्या मापाने चांगला वाकत असतो.

१२/ हे अंतर शेजारच्या पुण्यात ओळखले गेले. डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून ‘इंडस’ हा स्वस्त सांधा विकसित केला. तरीही कोणत्याही बनावटीच्या सांध्यावर उकिडवे बसावे की नाही, हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला विचारूनच ठरवावे लागते. खोल वाकण्यात प्लॅस्टिकवर येणारा भार मोठा असतो.

१३/ किमतीचा प्रश्न १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने हाती घेतला. कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या सांध्याची छापील किंमत सरासरी १,५८,३२४ रुपये होती, त्याची कमाल किंमत जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली. ती मर्यादा केवळ सांध्याची. त्यानंतरच्या बारा आठवड्यांची फिजिओथेरपी, दवाखान्याच्या रिक्षाफेऱ्या आणि रोज तीन वेळा गुडघा वाकवून घेण्यासाठी घरच्या कोणीतरी बुडवलेली पाळी त्या आदेशाच्या कक्षेबाहेरच राहिली.