‘इंटर्न’ म्हणजे आत राहणारा : पॅरिसच्या एका परीक्षेचा इतिहास

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या कागदपत्रांत इंटर्नशिपला ‘आंतरवासिता’ म्हणतात. शब्द जड आहे, बोलण्यात तो कोणी वापरत नाही. पण मूळ अर्थाशी त्याने राखलेले इमान थक्क करणारे आहे. ‘इंटर्न’ हा शब्द आला फ्रेंच ‘अँतेर्न’वरून. त्याचा अर्थ इतकाच : आत राहणारा.

आत म्हणजे पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयांच्या आत. या ‘आत राहण्या’वरूनच १८८० च्या दशकात त्या शहरात मोठे वादळ उठले.

आरंभ १८०२ चा. क्रांतीने जुनी वैद्यकीय विद्यापीठे मोडीत काढली होती आणि नव्या शिक्षणाने विद्यार्थ्याला पोथीपुढून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी नेले होते. रुग्णालयांत मदतनीस म्हणून कोणाला घ्यायचे, हे पूर्वी बहुधा ओळखीपाळखीवर ठरे. नव्या प्रशासनाने १८०२ मध्ये त्याऐवजी स्पर्धा परीक्षा आणली. हे सारे नेपोलियनचे गृहमंत्री शाप्ताल यांच्या काळात घडले. ते स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते.

पायऱ्या दोन. पहिली ‘एक्स्तेर्न’, म्हणजे बाहेरचा : सकाळी यायचे, जखमा बांधायच्या, रुग्णाची हकिकत टिपायची, घरी जायचे. ही पायरी चढलेल्यालाच पुढे ‘अँतेर्न’च्या परीक्षेला बसता येई. अँतेर्न रुग्णालयात राही. त्याला तुटपुंजे वेतन मिळे आणि रात्री-अपरात्री दाराशी आलेला रुग्ण आधी त्याच्याच हाती पडे. वरिष्ठ डॉक्टर सकाळची फेरी मारून आपल्या खासगी रुग्णांकडे निघून गेले, की उरलेल्या दिवसाचा आणि सबंध रात्रीचा भार या तरुणांवर असे. आजच्या निवासी डॉक्टरांना हे वर्णन फारसे परके वाटणार नाही.

परीक्षा लेखी आणि तोंडी. तोंडीला चिठ्ठीवरचा विषय हाती पडे, विचाराला मोजकी मिनिटे मिळत आणि मग परीक्षकांसमोर घड्याळाच्या काट्याबरहुकूम बोलावे लागे. वाचन कितीही असो, ठरलेल्या वेळात मुद्दे ओळीने मांडता आले नाहीत तर सारे व्यर्थ. एकट्याने अभ्यास करून हे जमत नाही, हे विद्यार्थ्यांना लवकरच उमगले. त्यातून ‘काँफेरांस’ नावाचे छोटे अभ्यासगट निघाले : नुकताच अँतेर्न झालेला एखादा तरुण पाच-दहा उमेदवारांना जमवी, त्यांच्याकडून प्रश्न घोटून घेई, प्रत्येकाला घड्याळ लावून बोलायला लावी आणि मग चुका काढी. टिपणे एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जात. वशिला मोडण्यासाठी परीक्षा आणली खरी; पण चांगल्या गटात जागा मिळवायची तर पुन्हा ओळख लागे. पुढच्या दाराने घालवलेली गोष्ट अशी मागच्या दाराने काहीशी परत आली.

नापास होणे नित्याचेच होते. एकदा, दोनदा, तीनदा बसणारे पुष्कळ असत. यादीतील क्रमांक मिरवला जाई. तो पुढे काय ठरवी, ही गोष्ट वेगळी.

क्लोद बर्नार यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ते ल्योंजवळच्या एका औषधालयात उमेदवारी करत आणि फावल्या वेळात नाटके लिहीत. १८३४ मध्ये आपले नाटक घेऊन ते पॅरिसला गेले. सँ-मार्क जिरार्दँ या समीक्षकांनी ते वाचून सल्ला दिला, की पोटापाण्यासाठी आधी वैद्यक शिका. बर्नार यांनी ते ऐकले. १८३९ मध्ये ते अँतेर्न झाले : २९ जणांत २६ वे. कागदावर हे यश सुमारच. पण त्या जागेमुळे ओतेल-द्यू रुग्णालयात फ्रांस्वा माजांदी यांच्या हाताखाली काम मिळाले. माजांदी प्रयोगवेडे होते आणि बर्नार यांचा हात प्रयोगात विलक्षण चाले. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांत पुढे ज्यांचे नाव घेतले गेले, ते हेच सव्विसावे.

हे दार मुलींना मात्र बंद होते. नियमात तसे लिहिलेले नव्हते. तशी वेळ येईल असे कोणाच्या मनातच आले नव्हते, एवढेच.

पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेने १८६८ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला. त्या पहिल्या तुकडीत मादलेन ब्रेस होत्या, विवाहित आणि मुलांची आई. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटले, तरुण डॉक्टर आघाडीवर गेले आणि रुग्णालये ओस पडली. तेव्हा शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या पाठिंब्याने ब्रेस यांना तात्पुरत्या अँतेर्न म्हणून घेण्यात आले. वेढा पडलेल्या शहरात, तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांनी काम केले. ब्रोका यांनी ते उत्तम असल्याचा निर्वाळाही दिला. युद्ध संपले आणि ब्रेस यांनी रीतसर परीक्षेला बसण्याची अनुमती मागितली. ती नाकारली गेली.

म्हणजे संकटात चालणारी बाई शांततेत चालेना. यात बाईच्या पात्रतेचा प्रश्न कोठेच नव्हता.

पदवी मिळवणे आणि रुग्णालयाचे दार उघडणे या दोन निराळ्या लढाया होत्या, हे केवळ पॅरिसमध्येच दिसते असे नाही. लंडनमध्ये १८७४ साली स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय निघाले. पण विद्यार्थिनींना खाटेपाशी शिकू देणारे रुग्णालय मिळेना. १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटल राजी झाले आणि मगच ते विद्यालय तगले. डॉ. रखमाबाई पुढे शिकल्या त्या याच विद्यालयात. त्यांच्या वाटेतला हा धोंडा त्या लंडनला पोहोचण्याआधी इतरांनी हलवून ठेवला होता.

पॅरिसमध्ये धोंडा हलवला दोघींनी. ब्लांश एडवर्ड्स या डॉक्टरांच्या कन्या. ऑगस्ता क्लुम्पके यांचा जन्म १८५९ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आई मुलांना घेऊन युरोपात आली होती आणि या मुलीला वैद्यक शिकता यावे म्हणून तिने पॅरिस गाठले होते. १८८० च्या दशकाच्या आरंभी एक्स्तेर्नची पायरी स्त्रियांना खुली झाली, पण एका अटीवर : अँतेर्नच्या परीक्षेची मागणी करायची नाही. दोघी १८८२ मध्ये एक्स्तेर्न झाल्या आणि काही काळातच नेमकी तीच मागणी त्यांनी केली.

विरोध कडवा होता. रुग्णालयांतील डॉक्टर आणि खुद्द अँतेर्न यांनी त्याविरुद्ध निवेदने दिली. मुली परीक्षा उत्तीर्ण होणार नाहीत, असा युक्तिवाद करण्याची सोय उरली नव्हती, कारण त्या वर्गात पुढेच होत्या. म्हणून मुद्दा निघाला तो राहण्याचा. अँतेर्न म्हणजे आत राहणारा, रात्रपाळी करणारा, सहकाऱ्यांबरोबर ‘साल द गार्द’ या सामाईक खोलीत जेवणारा. ती खोली पुरुषी थट्टेसाठी, अश्लील गाण्यांसाठी आणि तशाच भिंतीचित्रांसाठी प्रसिद्ध होती. तिथे तरुण स्त्री कशी राहील? त्या खोलीने आपली रीत बदलावी, हे मात्र फारसे कोणाला सुचले नाही.

ऑगस्ता यांनी वाट पाहत बसण्याऐवजी काम केले. व्युल्पियां यांच्या विभागात एक्स्तेर्न असताना त्यांनी खांद्याजवळच्या मज्जातंतूंच्या जाळ्याचा अभ्यास केला. त्या जाळ्याच्या खालच्या मुळांना इजा झाली तर हाताचे स्नायू लुळे पडतात आणि त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुलीही बदलते. हे का होते, ते त्यांनी १८८५ मध्ये उलगडून दाखवले. आजही वैद्यकाच्या पुस्तकांत तो विकार ‘क्लुम्पके पाल्सी’ या नावाने शिकवतात. शोध लावला तेव्हा त्या अँतेर्नही नव्हत्या.

पॅरिसच्या नगरपरिषदेचा कल मुलींकडे होता. पॉल बेर यांनीही त्यांची बाजू उचलून धरली. हे वैज्ञानिक-राजकारणी क्लोद बर्नार यांचे शिष्य. अखेर ३१ जुलै १८८५ रोजी प्रशासकीय प्रमुख यूजेन पुबेल यांनी स्त्रियांना परीक्षेला बसू देणारा आदेश काढला. पुबेल आणखी एका आदेशासाठी अमर आहेत : घराघरांपुढे झाकणाचे कचऱ्याचे डबे ठेवण्याची सक्ती त्यांनीच केली आणि फ्रेंच भाषेत कचरापेटीला त्यांचेच नाव पडले. दुसरा आदेश कोणाच्या लक्षात नाही.

त्या वर्षीच्या परीक्षेत दोघींना तात्पुरत्या अँतेर्नपदापर्यंतच मजल मारता आली. ऑगस्ता पुन्हा बसल्या आणि १८८६ च्या परीक्षेत पूर्ण पदावर निवडल्या गेल्या. पॅरिसच्या रुग्णालयांच्या यादीत असे नाव आलेली ही पहिली स्त्री. त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांच्या हाती पदवी पडली होती.

ब्लांश एडवर्ड्स यांना पूर्ण पद कधीच मिळाले नाही. १८८९ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्याच रुग्णालयांतील परिचारिकांना त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले. ऑगस्ता यांनी १८८८ मध्ये मज्जाविकारतज्ज्ञ ज्यूल देजरिन यांच्याशी विवाह केला. मेंदूच्या रचनेवरील दोघांचा ग्रंथ पुढे प्रमाण मानला गेला. १९१४ मध्ये फ्रान्सच्या न्यूरॉलॉजी सोसायटीने अध्यक्षपदी प्रथमच एका स्त्रीची निवड केली, ती त्यांची. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि मज्जातंतू तुटलेले सैनिक त्यांच्या विभागात येऊ लागले.