शब्दवेध : सण

लग्नानंतरचं पहिलं वर्ष सणांचंच. श्रावणात मंगळागौर, मग जावयाचा दिवाळसण, संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. हा ‘सण’ संस्कृत ‘क्षण’पासून आला. प्राकृतात त्याचा ‘छण’ झाला, मराठीत ‘सण’. कुक्षीची कूस झाली तीही याच वाटेने. अमरकोशात ‘क्षण’चे अर्थ तीन : रिकामपण, काळाचं माप आणि उत्सव. मला त्यातला पहिला फार मोलाचा वाटतो. यंदा माझ्या पहिल्या मंगळागौरीला सासूबाई पत्री निवडत बसल्या, आघाडा कसा ओळखायचा ते दाखवत आपल्या आईबद्दल बोलत राहिल्या. पूजेइतकंच ते बसणं मला पवित्र वाटलं. नव्या सुनांनो, फराळाच्या घाईत असं बसायला वेळ ठेवाच.