ट्रिप्टोफॅन

ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांच्या जडणघडणीतील वीस अमिनो आम्लांपैकी एक आहे. मानवी शरीर ते तयार करू शकत नसल्याने त्याची गणना अत्यावश्यक अमिनो आम्लांत होते. सेरोटोनिन हा चेतापारेषक, मेलाटोनिन हे संप्रेरक आणि नियासिन (ब-३ जीवनसत्त्व) यांचे ते पूर्वद्रव्य आहे. १९०१ मध्ये फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स आणि सिडनी कोल या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ते दुधातील केसीन या प्रथिनापासून वेगळे केले.

आहारातील स्रोत

दूध, अंडी, मासे, मांस, डाळी, सोयाबीन, शेंगदाणे व तीळ यांतून ट्रिप्टोफॅन मिळते. मक्याच्या प्रथिनांत त्याचे प्रमाण फार कमी असते. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ४ मिलिग्रॅम मानली जाते.

चयापचय

प्रथिननिर्मितीसाठी न वापरल्या गेलेल्या ट्रिप्टोफॅनचा बहुतांश भाग किन्युरेनिन मार्गाने, मुख्यतः यकृतात, विघटित होतो. याच मार्गाने नियासिनही तयार होते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नियासिन मिळते. या प्रक्रियेस ब-२ आणि ब-६ ही जीवनसत्त्वे लागतात. सेरोटोनिनसाठी ट्रिप्टोफॅनचा अल्प अंशच वापरला जातो.

इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा

ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन व फिनिलॲलनिन ही अमिनो आम्ले ज्या वाहक प्रथिनामार्फत मेंदूत शिरतात, त्याच वाहकाचा वापर ट्रिप्टोफॅनही करते. त्यामुळे मेंदूला मिळणारे ट्रिप्टोफॅन हे रक्तातील त्याच्या एकूण प्रमाणापेक्षा इतरांशी असलेल्या गुणोत्तरावर अधिक अवलंबून असते. प्रथिनयुक्त जेवणानंतर रक्तातील ट्रिप्टोफॅन वाढते, पण स्पर्धक त्याहून अधिक वाढतात. केवळ कर्बोदकांच्या जेवणानंतर इन्सुलिनमुळे स्पर्धक स्नायूंत शोषले जातात. ट्रिप्टोफॅन बरेचसे अल्ब्युमिनला बांधलेले असल्याने रक्तात टिकून राहते. जेवणात थोडी प्रथिने असली तरी हा परिणाम मावळतो.

मानसिक आरोग्य

ट्रिप्टोफॅनविरहित अमिनो आम्लांचे मिश्रण दिल्यास नैराश्यातून बऱ्या झालेल्या काही व्यक्तींमध्ये लक्षणे तात्पुरती परततात. निरोगी व्यक्तींच्या मनःस्थितीत सहसा फारसा बदल होत नाही. त्यामुळे केवळ सेरोटोनिनच्या कमतरतेने नैराश्याचे स्पष्टीकरण देता येत नाही.

पेलाग्रा आणि ज्वारी

नियासिन व ट्रिप्टोफॅन या दोन्हींच्या अभावी पेलाग्रा हा रोग होतो. त्वचादाह, अतिसार आणि बुद्धिभ्रंश ही त्याची प्रमुख लक्षणे असून चिडचिड, निद्रानाश व खिन्नता आधीच दिसू शकतात. हा रोग मुख्यतः मक्यावर जगणाऱ्या गरीब समाजांत आढळत असे. दख्खनच्या पठारावर मात्र तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसला. ज्वारीतील अतिरिक्त ल्युसिन हे त्याचे कारण असावे, असे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. या मताला नंतरच्या सर्वच अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. ज्वारीबरोबर डाळी, दूध किंवा अंडी असल्यास ही उणीव भरून निघते.

सुरक्षितता

आहारातील ट्रिप्टोफॅन सुरक्षित आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या पूरक गोळ्यांमुळे इओसिनोफिलिया-मायाल्जिया या गंभीर विकाराची साथ उद्भवली. तिचा संबंध उत्पादनातील अशुद्धींशी जोडला गेला. सेरोटोनिन वाढवणाऱ्या नैराश्यरोधक औषधांसोबत या गोळ्या घेतल्यास सेरोटोनिन संलक्षणाचा धोका असतो.